स्टेंट बसला, आता चालायला लागा: हार्ट अटॅकनंतरचं कार्डिअ‍ॅक रिहॅब

अँजिओप्लास्टी होऊन, म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट ही जाळीदार नळी बसवून, माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो आणि घर त्याला पलंगावर बसवून टाकतं. पाणी हातात, रिमोट हातात, जिना बंद, भाजीची पिशवी बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता मात्र आराम करायचा हं’ असं बजावून जातो. माया सगळी खरी, सल्ला मात्र सत्तर वर्षं जुना.

सत्तर वर्षं ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. १९५० च्या आधी हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवलं, तेव्हा ते धाडस वाटलं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट हे चालण्याचे कट्टर पुरस्कर्ते. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९६६ चा डॅलसमधला प्रयोग. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची दमश्वासाची क्षमता मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या आरामाने घटवली होती. विशीतल्या निरोगी मुलांची ही गत, मग पंचावन्नच्या माणसाची काय होईल?

स्टेंटने एका रक्तवाहिनीतली एक अरुंद जागा मोकळी केली. ज्या आजाराने ती जागा अरुंद झाली, तो बाकीच्या वाहिन्यांत आहेच. शिवाय अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, तिथे पक्का व्रण तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात आणि पुढे काय करायचं, याच्या शिस्तशीर कार्यक्रमाला कार्डिअ‍ॅक रिहॅब म्हणतात. मोजून-मापून व्यायाम, गोळ्या, जेवण, तंबाखू सोडणं आणि मनाची घडी बसवणं हे सगळं त्यात येतं. कॉक्रन या संस्थेने २०२१ मध्ये ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र केली. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचं त्यात दिसलं. एवढा गुण देणारी गोळी बाजारात असती तर दुकानासमोर रांग लागली असती.

आपल्याकडे याची गरज आणखी एका कारणाने मोठी आहे. इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या जगात हेच वय ५९ च्या आसपास होतं. म्हणजे घराचे हप्ते चालू, मुलगी बारावीत आणि नोकरीची सहा-सात वर्षं बाकी. अशा माणसाला ‘आराम करा’ म्हणून चालत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी

बिल, मेडिक्लेमची मंजुरी आणि औषधांची पिशवी या गडबडीत महत्त्वाचे प्रश्न राहून जातात. घरातल्या एकाने कागद-पेन घेऊन डॉक्टरांसमोर बसावं आणि हे विचारून घ्यावं:

१. पंपिंग किती आहे? म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं. टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर हा आकडा टक्क्यांत असतो. ५५ च्या वर म्हणजे चांगलं. ४० च्या खाली असेल तर व्यायाम देखरेखीखालीच सुरू करायचा.
२. दुसऱ्या वाहिन्यांत ब्लॉक राहिले आहेत का? असतील तर त्यांचं पुढे काय करणार?
३. अटॅकच्या वेळी किंवा नंतर ठोक्यांचा ताल बिघडला होता का?
४. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कोणत्या, आणि दुसरी कोणत्या तारखेपर्यंत? तारीख लिहूनच घ्या.
५. चालणं आज किती, पुढच्या आठवड्यात किती? कागदावर ‘कार्डिअ‍ॅक रिहॅबसाठी पाठवावे’ अशी ओळ लिहून द्याल का?

पाचवा प्रश्न विचारल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ती ओळ लिहिली जात नाही. डॉक्टरांना ते नको असतं असं नाही. ओपीडीत पुढचे चाळीस जण बसलेले असतात. विम्यासाठीही ती ओळ कामाची आहे. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च धरतात. फिजिओथेरपी त्यात बसते का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पुढच्या तपासण्यांचं काय हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

डिस्चार्ज कार्ड, एको, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. सगळ्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही.

पहिले दोन आठवडे: घर, अंगण, जिना

अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल, तर त्या हाताने आठवडाभर जड काही उचलू नका. बादली, कुकर, पाच किलोची पिठाची पिशवी, सगळं जडच. मांडीच्या सांध्यातून झाली असेल, तर काही दिवस उकिडवं बसणं आणि सारखे जिने टाळा. त्या जागी गाठ वाढताना दिसली किंवा रक्त आलं, तर जोरात दाबून धरा आणि रुग्णालय गाठा.

संडासाचा प्रश्न कोणी उघडपणे विचारत नाही, म्हणून सांगतो. कुंथण्याने छातीतला दाब एकदम वाढतो आणि रक्तदाब वरखाली होतो. त्यामुळे पोट साफ राहणं हा इथे हृदयाचाच मामला आहे. इसबगोल, पपई, भाज्या आणि डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर भरपूर पाणी. तरी जमत नसेल तर औषध मागून घ्या. सुरुवातीचे दिवस कमोड वापरता आला तर बरं. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून, आणि दाराची कडी न लावता. सकाळी अंथरुणातून ताडकन उठू नका. बीपीच्या नव्या गोळ्यांनी डोकं गरगरतं, म्हणून आधी मिनिटभर काठावर बसा.

गुंतागुंत नसलेल्या आणि पंपिंग ठीक असलेल्या माणसासाठी चालण्याची सुरुवात साधारण अशी असते: पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात सपाट जागी पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं दोनदा, बाहेर निघालात तरी सपाट रस्त्यावर आणि कोणीतरी सोबत. तिसऱ्यात पंधरा, चौथ्यात वीस. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सलग तीस मिनिटं जमायला हवीत. एखाद्या दिवशी चालून आल्यावर संध्याकाळपर्यंत अंग गळून गेलं, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा. चालणं बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर अर्थात तेच पाळायचं.

जिना पहिल्या आठवड्यातही चढता येतो, फक्त रमतगमत. एक मजला चढा, थांबा, दम खाली बसू द्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दिवसात एकदाच खाली उतरायचं आणि प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगायचं. शेजारी ठेवतात.

बायपास झालेल्यांचं गणित निराळं. छातीचं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, नातवंडसुद्धा नाही. पलंगावरून उठताना हातांवर भार देऊ नका, कुशीवर वळून उठा. खोकताना-शिंकताना उशी छातीशी घट्ट धरा. चालणं मात्र त्यांनाही पहिल्या दिवसापासूनच.

किती जोर लावायचा हे कसं कळणार?

घड्याळाने मिनिटं कळतात, जोर कळत नाही. जोर मोजायला तीन साधनं आहेत आणि तिन्ही फुकट आहेत.

पहिलं बोलणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनी धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर कमी आहे.

दुसरी बोर्ग यांची पट्टी. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी ६ ते २० अशी पट्टी केली. ६ म्हणजे नुसतं बसलोय, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. आपल्याला ११ ते १३ मध्ये राहायचं: ‘हलकं आहे’ ते ‘थोडं कष्टाचं आहे’. रोज चालून आल्यावर वहीत आकडा लिहा. दोन आठवड्यांपूर्वी ज्या चालीला १३ लिहिला होता, तिथे आज ११ लिहिलात की प्रगती डोळ्यांना दिसते.

तिसरी नाडी. इथे एक मोठा घोळ होतो. इंटरनेटवर ‘२२० वजा वय’ असं सूत्र सापडतं. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते सूत्र कुचकामी आहे, कारण ती गोळी नाडीला वर चढूच देत नाही. आकडा गाठायच्या नादात माणूस धावत सुटतो. त्याऐवजी सुरुवातीच्या आठवड्यांत बसल्या जागच्या नाडीपेक्षा वीस ते तीस ठोके जास्त, एवढीच मर्यादा ठेवा. पुढे स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) झाली की फिजिओथेरपिस्ट तुमचा स्वतःचा आकडा काढून देतात.

काही दिवस व्यायाम करायचाच नाही: ताप असेल, आदल्या रात्री छातीत दुखलं असेल, बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर १०० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावं आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात.

केंद्र गाठायचं की घरीच करायचं

रिहॅबचा मुख्य टप्पा डिस्चार्जनंतर दोन ते सहा आठवड्यांत सुरू होतो आणि सहा ते बारा आठवडे चालतो. मुंबई, पुणे, नागपूरच्या मोठ्या हृदय-रुग्णालयांत असे विभाग आहेत. जाहिरात कमी असते, विचारावं लागतं. खर्च परवडत नसेल तर फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडीत चौकशी करा. हृदय आणि श्वसन या विषयात एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) केलेली माणसं तिथे भेटतात आणि फी कमी असते. परळच्या केईएममध्येही फिजिओथेरपीचं स्वतंत्र शिक्षण आणि उपचार केंद्र आहे.

पहिल्या दिवशी तिथे सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतात: ठरावीक लांबीच्या बोळातून सहा मिनिटांत तुम्ही किती मीटर चालता. बारा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा. तो आकडा कागदावर मागून घ्या. पुढे कोणी ‘तुम्हाला झेपेल का?’ विचारलं तर दाखवायला बरा पडतो. दर वेळी व्यायामाआधी, मध्ये आणि नंतर बीपी आणि नाडी बघतात. जोखीम जास्त असेल तर ईसीजीच्या तारा लावून ट्रेडमिलवर चालवतात.

चांगलं केंद्र ओळखायची माझी खूण साधी आहे. पहिल्याच भेटीत तुमच्या गोळ्यांची यादी, एको आणि तंबाखूबद्दल विचारलं तर ते रिहॅब. सरळ यंत्रावर चढवलं तर ती जिम. आणि ‘बिना ऑपरेशन ब्लॉकेज साफ’ अशी पाटी असेल तर आत जाऊच नका. पायांना पट्टे बांधून दाब देणारं यंत्र किंवा सलाइनमधून दिलं जाणारं चिलेशन म्हणजे रिहॅब नव्हे.

केंद्र लांब असेल तर घरी करा. योग्य रुग्ण निवडून, फोनवरून पाठपुरावा ठेवून केलेलं घरचं रिहॅब केंद्रातल्याइतकंच गुणकारी ठरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. महिन्यातून एकदा तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टला वही दाखवायची आणि मधल्या काळात घरी चालवायचं, हे बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

घरच्या सत्राचा क्रम चुकवू नका. आधी दहा मिनिटं सावकाश: खांदे फिरवणं, जागच्या जागी पावलं, हळू चाल. हृदयाच्या वाहिन्यांना रुंदावायला हा वेळ लागतो. मग वीस ते तीस मिनिटं मुख्य चाल. शेवटी दहा मिनिटं वेग उतरवत आणायचा. एकदम थांबलात तर पायांत उतरलेलं रक्त तिथेच राहतं, बीपी खाली येतं आणि चक्कर येते. बागेत धाडकन बाकावर बसणाऱ्यांना जे होतं ते हेच. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आठवड्यात किमान पाच दिवस, आणि तीन महिन्यांच्या शेवटी आठवड्याची १५० मिनिटं भरली पाहिजेत.

महिना-दीड महिन्यानंतर डॉक्टरांना विचारून ताकदीचे व्यायाम जोडा, आठवड्यातून दोनदा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उचलणं. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा.

योगाबद्दल लोक भांडतात, त्यामुळे आकडेच सांगतो. ‘योगा-केअर’ नावाची मोठी चाचणी भारतातच २४ केंद्रांवर, ३९५९ रुग्णांवर झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांत १३ सत्रं, आसनं, प्राणायाम आणि ध्यान. पुन्हा अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत नक्की सिद्ध होईल एवढा फरक दिसला नाही. पण योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते रोजच्या कामांकडे जास्त परतले. म्हणजे योग जरूर करा, पण चालणं सोडून नाही. शीर्षासन आणि श्वास रोखून धरणारे प्रकार बाजूला ठेवा.

हवामानाचंही पाहा. विदर्भात मे महिन्यात पारा ४४ वर गेल्यावर सकाळी सहालाच चालून परत या. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हात बीपी फार पडतं. कोकणात आणि मुंबईत जूननंतर निसरड्या रस्त्यापेक्षा इमारतीचं पार्किंग किंवा गॅलरी बरी.

गोळ्या

दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल) दोन्ही एकत्र सहसा वर्षभर चालतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा आहे, म्हणून कोणी ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हटलं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

टिकाग्रेलॉरने काहींना उगाचच दम लागल्यासारखं होतं. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो. बीटा ब्लॉकरने सुरुवातीला अंग जड वाटतं. यातलं काहीही झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, पर्याय असतो. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबवायची नसते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. अटॅकनंतर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली आणण्याचं लक्ष्य धरतात. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, ते तुमच्यासाठी नाही. बीपी १३०/८० च्या खाली.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. हृदयाला आणि पोटाला दोन्हीकडे महाग पडतं. पॅरासिटामॉल चालते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लसूण-आलं-लिंबाचा काढा प्यायचा तर प्या, गोळीच्या जागी नको. आणि ‘अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा’ हा संदेश पुढे पाठवू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात.

स्वयंपाकघर

सगळं उकडलेलं खायचं, ही कल्पना आधी डोक्यातून काढा. असं जेवण आठ दिवस टिकतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, ताक हे आपलं जुनं जेवण चांगलंच आहे. घोळ आहे तो बाजूच्या वाटीत: लोणचं, पापड, शेव, फरसाण. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं बंद केलं तरी बराच फरक पडतो. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलोचा डबा संपत असेल तर रुग्णाची भाजी वेगळी करून उपयोग नाही, फोडणीच बदलायला हवी.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली आमटीत खावी, तळून नको. अंडं, कोंबडी चालते, मटण क्वचित. उपासाला साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स म्हणजे उपास नव्हे. त्याऐवजी राजगिरा, ताक, फळं. उपासाच्या दिवशी गोळ्या चुकवायच्या नाहीत; मधुमेहाच्या गोळ्या कशा बदलायच्या ते आधी विचारून ठेवा.

तंबाखू

इथे ‘कमी केलीय’ चालत नाही. बिडी, सिगारेट तर सोडायचीच, पण मळलेली तंबाखू, मिसरी, गुटखासुद्धा. मिसरीला आपल्या घरातल्या बायका व्यसन मानतच नाहीत, आणि त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर ‘काही नाही’ असं उत्तर येतं. सांगा. रुग्णालयातले ते तीन-चार दिवस आपोआप तंबाखूविना गेलेले असतात, तीच सुरुवात धरायची. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं लवंग, बडीशेप, दोन फेऱ्या. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. निकोटिन च्युइंगमबद्दल डॉक्टरांना विचारा.

मन आणि संसार

अटॅकनंतर सुमारे पाचातल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं. आपल्याकडे ते वेगळ्या रूपात दिसतं: चिडचिड, रात्री तीनला जाग, प्रत्येक कळ म्हणजे दुसरा अटॅक असं वाटणं, पेपरसुद्धा न उघडणं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर डॉक्टरांना सांगा. हृदयरोग्यांना चालणाऱ्या गोळ्या आहेत, आणि १४४१६ या टेलि-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत बोलता येतं. बायको रात्री उठून नवऱ्याचा श्वास चालू आहे ना बघते, तिचीही झोप उडालेली असते. तिला एकदा रिहॅबच्या सत्राला सोबत न्या. आपला माणूस अर्धा तास चालतोय आणि बीपी ठीक आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की घरातले ‘नको नको’ निम्म्यावर येतात.

शरीरसंबंधाबद्दल ओपीडीत कोणी विचारत नाही. दोन जिने भरभर चढून छातीत दुखलं नाही आणि फार दम लागला नाही, तर सहसा हरकत नसते. एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात ठेवा: सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, घ्यायची नाही, जीवघेणं बीपी पडतं. तशी गोळी घेतली असेल तर दवाखान्यात लाज न बाळगता सांगा.

कामावर, गाडीवर

टेबलावरचं काम दोन ते चार आठवड्यांत, सुरुवातीला अर्धा दिवस. हमाली, शेती, गवंडीकाम यांना सहा ते बारा आठवडे आणि आधी स्ट्रेस टेस्ट. मुंबईकराला खरा धोका ऑफिसात नाही, ८:०७ च्या लोकलमध्ये आहे. महिनाभर उशिरा यायची मुभा ऑफिसातून मागून घ्या. स्वतः गाडी कधी चालवायची हे पंपिंग आणि ठोक्यांवर ठरतं, डॉक्टरांकडून तारीख घ्या. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी तर नक्कीच. दरवर्षी फ्लूची लस घ्या, अटॅकनंतर तिची शिफारस आहे.

थांबायच्या खुणा

छातीवर दडपण, ते जबड्यात, खांद्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जाणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित धडधडणं. यातलं काही झालं की जागेवर बसा. उभ्याने नाही, बसूनच सॉर्बिट्रेट जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. गॅस असेल म्हणून सोडा पीत बसू नका आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, पाय सुजले किंवा सपाट झोपल्यावर दम लागला, तर पंपिंगच्या तक्रारीसाठी त्याच दिवशी डॉक्टर.

वारीला जाऊ का?

हा प्रश्न आषाढ जवळ आला की हमखास येतो. अटॅक येऊन तीन महिने झाले नसतील तर त्या वर्षी नाही. त्यापुढे, सलग तासभर चालता येत असेल, स्ट्रेस टेस्ट ठीक असेल आणि पंपिंग चांगलं असेल, तर डॉक्टरांशी बोलून काही टप्पे करता येतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सगळे चालायची सक्ती विठ्ठलाने केलेली नाही. दोन महिने आधीपासून सराव वाढवत न्या, एक दिवसाआड चाला, मधले टप्पे दिंडीच्या गाडीतून करा. दिवे घाटाचा चढ गाडीतूनच. गोळ्यांचे दोन संच दोन वेगळ्या पिशव्यांत, सॉर्बिट्रेट सदऱ्याच्या खिशात, आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात. ती कुठे आहे हे दिंडीतल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.